डिफरन्शियलचा योक बदलताय? मग नट कसायच्या आधी हे वाचा

गॅरेजला नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय, त्यामुळं शाफ्ट कसा उतरवायचा, यूजे क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस) कसा काढायचा हे सांगत बसत नाही. फक्त शाफ्ट काढायच्या आधी योकवर (शाफ्ट ज्या तुकड्यानं डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या एक्सलच्या गिअरपेटीला, जोडतो तो) आणि शाफ्टवर समोरासमोर खूण करा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडनं ठोकळे लावा, कारण शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये असली काय नि नसली काय, मागच्या चाकांना तो गिअर धरत नाही.

आपल्याकडं कोल्हापुरात योक अडकतो तो पाण्यानं. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या आठवत असेल, शिवाय गगनबावडा, राधानगरीकडं पावसाळाभर चिखलात फिरणाऱ्या जीपा नि पिकअप आहेतच. स्प्लाइनमध्ये, म्हणजे पिनियनच्या दांड्यावरच्या नि योकच्या आतल्या खाचांमध्ये, गंज धरला की योक आणि पिनियन (डिफरन्शियलमधलं मोठं चक्र, क्राऊन, फिरवणारा छोटा गिअर) एकजीव होतात. नट निघतो, योक जागचा हलत नाही.

पण नटाला पाना लावायच्या आधी एक काम आहे आणि तेच सगळे विसरतात. पिनियन फिरायला किती जड आहे ते मोजून ठेवा. मागची चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या, चाकं आणि ड्रम काढा म्हणजे ब्रेक घासणार नाही, योकला दोरी गुंडाळा आणि स्प्रिंगच्या काट्यानं हळू ओढा. फिरत असताना काटा काय दाखवतो ते बघायचं, पहिल्या झटक्याचं धरायचं नाही. दोरी जिथं गुंडाळली तिथली त्रिज्या 4 सेंमी असेल आणि काटा 4 किलो दाखवत असेल तर 16 किलो-सेंमी झाले. हा आकडा खडूनं हाउसिंगवरच लिहा. बेअरिंग आधीच ढिलं असेल तर मात्र हा आकडा कामाचा नाही, मग बेअरिंगचंच काम निघालं म्हणायचं.

आता योक काढणं. जाड पट्टीला दोन भोकं मारून योकला बोल्ट करायची, टोक चासीला टेकवायचं, नटाच्या कॉलरवरचा पंच उचलायचा आणि लांब पाइप लावून नट सोडायचा. उद्यमनगरात असली पट्टी कुणीही करून देतं, तिथंच चांगला पुलरही करून घ्या, बाजारातले हलके पुलर पाय फाकवतात. नट पूर्ण काढू नका, शेवटच्या आट्यांवर राहू द्या म्हणजे आटे खराब होत नाहीत. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी पुलर ताणून धरा आणि योकच्या गळ्याला बाजूनं हलके ठोके द्या.

पिनियनच्या टोकावर घण घालायचा नाही म्हणजे नाही! तो ठोका रोलरमधनं सरळ बेअरिंगच्या रेसमध्ये जातो, तिथं बारीक खड्डे पडतात, डोळ्याला दिसतही नाहीत, आणि मग गाडी वेग धरला की रडायला लागते. गॅसची ज्योतही नको, सील जळतं आणि बेअरिंगचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं.

एवढं करून नाही निघाला तर घाबरू नका, जुना योक तसाही टाकायचाच आहे. ग्राइंडरनं गळ्यावर लांबीनं खाच मारा, स्प्लाइनच्या अलीकडं थांबा, खाचेत छिन्नी घालून ठोका द्या, योक फाकतो आणि हातानं निघतो. डोळ्याला चष्मा लावा, आजूबाजूचं तेल आधी पुसा.

योक हातात आला की सगळ्यांना वाटतं काम झालं, चहा सांगतात. खरी मेख पुढं आहे, आणि मी शिकत होतो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका गाडीचं डिफरन्शियल पुन्हा खोलावं लागलं तेव्हा कळलं. बऱ्याच गाड्यांत दोन पिनियन बेअरिंगच्या मधे क्रश स्लीव्ह (चेपणारी पातळ नळी) असते. नट कसला की ती चेपते आणि चेपता चेपता बेअरिंगवर प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, येतो. एकदा जास्त चेपली की परत फुगत नाही. नट थोडा ढिला केला की झालं असं ज्याला वाटतं त्याची गाडी परत येते, कारण स्लीव्ह आखूड झालेली असते, नटावर ताण राहत नाही, पिनियन पुढं-मागं हलतो, दात आवाज करतात, कधी नटच सुटतो. जास्त गेलं की नवीन स्लीव्ह, दुसरा इलाज नाही. बरं, ती काही फार महाग नसते आणि क्राऊनला हातही लावावा लागत नाही, सील आणि पुढचं बेअरिंग काढलं की बहुतेक वेळा समोरनंच बाहेर येते. काही गाड्यांत स्लीव्हऐवजी सॉलिड स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असतात, तिथं मॅन्युअलमधला टॉर्क द्यायचा.

म्हणून इम्पॅक्ट गन फक्त काढायला. कसताना लांब पाना घ्या, थोडं फिरवा, योक हातानं चार-पाच वेळा गरागरा फिरवा म्हणजे रोलर बसतात, मग काटा लावा, परत थोडं. सुरुवातीला बराच वेळ आकडा हलतच नाही आणि मग अगदी जराशा फेऱ्यात एकदम चढतो, घात तिथंच होतो. जुनी बेअरिंग असतील तर आधी लिहिलेल्या आकड्यापेक्षा किंचित जास्त आला की थांबा. नवीन बेअरिंगला जास्त लागतो, तो मॅन्युअलमध्ये बघा.

मेस्त्री म्हणतील, हाताला कळतंय की. त्यांच्या हाताला कळतं हे खरं आहे, मी बघितलंय, पण तो हात बनायला आयुष्य गेलेलं असतं. मेस्त्रींचा मान ठेवा आणि काटा खिशात ठेवा. जो मेस्त्री मोजू देत नाही त्याच्याकडं फार दिवस राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचं पटकन. सील नवीन, नट नवीन. योकची सील फिरते ती जागा आरशासारखी गुळगुळीत हवी. स्प्लाइनला थोडं सीलंट लावा, नाहीतर तेल तिथनं झिरपतं. योक ठोकून बसवायचा नाही, नटानंच ओढून घ्यायचा. ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर जायची वाट) साफ करा, तो तुंबला तर नवीन सीलही गळतं. तेल मॅन्युअलमध्ये असेल त्याच ग्रेडचं.

मग वीसेक किलोमीटर गाडी फिरवून आणा आणि पिनियनच्या नाकाला, म्हणजे योकमागच्या हाउसिंगला, हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेवताच येत नसेल तर प्रीलोड जास्त आहे, गाडी गिऱ्हाइकाला देऊ नका, ते कितीही घाईत असू देत.