पाण्याच्या दिवशी भाकरी नाही: लाँग कोविडमध्ये अंगातली ताकद कशी पुरवावी

सोलापुरात पाणी जपून वापरायला कुणाला शिकवावं लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी पहाटे. कपडे धुतलेलं पाणी संडासात, भाज्या धुतलेलं झाडांना, हा हिशोब इथल्या पोराटोरांनाही पाठ. मला कोविड झाला एप्रिल २०२१ मध्ये. ताप आठवड्यात उतरला, ताकद मात्र परत आली नाही. अंगातली ताकदही हौदातल्या पाण्यासारखी मोजून काढायची असते हे समजायला मला पुढचं सव्वा वर्ष लागलं. ज्यांचं अजून तसंच चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी तपासण्या

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या केली ती साधारण अशी: कोविड झाल्यापासून तीन महिन्यांनीही लक्षणं आहेत, ती किमान दोन महिने टिकली आहेत आणि त्यांचं दुसरं कारण सापडत नाही, तर ते लाँग कोविड. यातलं ‘दुसरं कारण’ आपण विसरतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि ईसीजी एवढं आपल्या डॉक्टरांकडून करून घ्या. माझं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं. गोळ्यांनी ते वाढलं, थकवा थोडासाच हलला. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, शुद्ध हरपणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, यातलं काही असेल तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

पंधरा दिवस वही लिहा

या आजाराची खोड अशी की काम केलं त्या दिवशी बहुतेक वेळा काहीच होत नाही. एका सोमवारी जरा बरं वाटलं म्हणून मी माळा आवरला आणि वर बँकेतही जाऊन आले. मंगळवार ठीक गेला. बुधवारी सकाळी दात घासताना हात वर धरवेना. घसा दुखत होता, सासूबाई काहीतरी म्हणाल्या ते ऐकू आलं, पण अर्थ लागेना. मी खुशाल हवेला दोष दिला. हा दणका पुष्कळांना १२ ते ४८ तासांनी बसतो. डॉक्टर त्याला पोस्ट-एक्झर्शनल मॅलेझ म्हणतात, आमच्या घरात ‘परवाचा दणका’ म्हणतात.

त्याला पकडायचं तर लिहावं लागतं. वहीत तीन रकाने आखा: काय केलं, किती वेळ, दोन दिवसांनी कसं वाटलं. तिसरा रकाना दोन दिवस थांबूनच भरायचा. बसून केलेली कामंही लिहा. पोराचं गणित, वीजबिलाचा घोळ, नणंदेचा तासभर फोन. माझ्या वहीत सगळ्यात महाग निघाला तो फोन. चार भाकऱ्या थापायला त्याच्यापेक्षा कमी लागायचं.

रोजचा वाटा ठरवा

पंधरा दिवसांनी वही उघडून बघा, किती काम केल्यावर दणका बसला नाही. तेवढं तुमचं माप. त्यातलंही थोडं मागे ठेवा, आणि चांगल्या दिवशीसुद्धा माप ओलांडू नका. हे सगळ्यात अवघड. हौद भरला म्हणून सोलापुरात कुणी अंगण धूत नाही, पण अंगात जरा जीव आला की आपण नेमकं तेच करतो.

कामाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा आणि मोबाइलवर गजर लावा. वाजला की हातातलं ठेवायचं, कितीही बरं वाटत असलं तरी. विश्रांती म्हणजे आडवं होऊन डोळे मिटणं. मालिका बघत लोळणं त्यात धरू नका.

मनगटावरचं घड्याळ ठोके दाखवत असेल तर आणखी सोपं. पहाटे अंथरुणातले ठोके मोजायचे आणि दिवसभरात त्याच्या वर १५ पेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत, अशी मर्यादा बरेच रुग्ण पाळतात. माझे जिना चढताना ती केव्हाच ओलांडतात, म्हणून मधल्या कठड्यापाशी बसते. नुसतं उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके तीसने वाढत असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्याचं निदान वेगळं असतं आणि औषधंही आहेत.

पाण्याचा दिवस

आमच्याकडे आठवड्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. मोटर लावा, पिंप धुवा, पाइप फिरवा, प्यायचं पाणी गाळून घागरीत भरा. पूर्वी मी त्याच दिवशी चादरीही धुवायला काढायची. सोलापुरी चादर ओली झाल्यावर किती जड होते ते पिळणाऱ्यालाच ठाऊक.

आता नियम असा: पाण्याच्या दिवशी भाकरी नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, पाहुणे नाहीत. बादल्या अर्ध्याच भरायच्या. पाइप नवरा धरतो, मी स्टुलावर बसून ‘झालं, पुढचं’ एवढं सांगते. पिंप घासणं पाणी यायच्या दोन दिवस आधी उरकतं. तुमच्याकडे रोज पाणी येत असेल तर तुमचा असा दिवस दुसरा असेल, बाजाराचा किंवा धुण्याचा. तो शोधा आणि त्या दिवसातून बाकीचं सगळं उपसून काढा.

कडक भाकरी हा या आजारातला आपल्या गावाचा मोठा आधार. दिवसेंदिवस टिकते, गरम करावी लागत नाही, शेंगाचटणी आणि दही असलं की ताट तयार. मी डबा भरून ठेवते. ताजी भाकरी करायचीच असेल तर टेबलावर परात घेऊन खुर्चीत बसून थापा आणि भाजायचं काम दुसऱ्याला द्या. जमिनीवर बसण्यापेक्षा जमिनीवरून उठणं महाग पडतं.

अंघोळीला प्लॅस्टिकचं स्टूल, पाणी कोमट. कढत पाण्याने चक्कर येते. अंग पुसत उभं राहू नका. टॉवेल गुंडाळून पलंगावर पडा, अंग आपोआप सुकतं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा नुसतं ऊन सोसायलाच निम्मी ताकद जाते. वाटा तेवढा कमी करा, बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत. पाण्याबरोबर ओआरएसचा उपयोग होतो, पण बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या.

‘रोज थोडं थोडं वाढव’

हा सल्ला मला जिममधल्या भाच्यापासून एका डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी दिला. रोज शंभर पावलं वाढवत मी तिसऱ्या आठवड्यात अंथरुणाला खिळले. ज्यांना परवाचा दणका बसतो त्यांच्यासाठी ठरावीक चढता व्यायाम धोक्याचा ठरू शकतो. दणक्याचं हेच लक्षण असलेल्या एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या जुन्या आजारासाठी, उपचार कसे करावेत ते ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये तसा व्यायाम देऊ नये असं सांगितलं. दोन-तीन आठवडे दणका बसला नाही, तरच एकच गोष्ट थोडी वाढवा. दणका बसला की मागे या.

लोकांना काय सांगायचं

“चांगली तर दिसायलीस की!” याला उत्तर शोधण्यात मी फार ताकद घालवली. आता एकच वाक्य ठरवलंय: “आत्ता दिसतेय, परवा विचारा.” हळदीकुंकवाला जाते, पण वाण घेऊन दहा मिनिटांत निघते. घरच्यांना मात्र वही वाचायला द्या. माझं बोलणं नवऱ्याला कुरकुर वाटायचं, तिसरा रकाना वाचल्यावर तो पाइप धरायला लागला.

दणका बसलाच तर उशाशी एक पिशवी तयार असू द्या: पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, रोजच्या गोळ्या, चार्जर, भाकरीचा डबा, डोळ्यांवर घ्यायला काळा रुमाल. त्या दिवशी उठून शोधाशोध नको. आणि ‘आज थोडं तरी करून टाकते’ हे नकोच.

मोठा सण असेल तर आधीपासून साठवायचं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची (उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक बघायची म्हणून तीन दिवस फोन बंद ठेवले, केस धुतले नाहीत, पुढच्या दोन दिवसांची भाकरी डब्यात होती. वाटेवर मावशींचा ओटा आहे, तिथे खुर्ची टाकून अर्धा तास बसले. नंदीध्वज पुढे गेले तसा पोरगा होम मैदानावर पाळण्यात बसायचं म्हणून हट्टाला पेटला. त्याला बाबांबरोबर पाठवलं आणि मी मावशींच्याच घरात, त्यांच्या पलंगावर आडवी झाले.