क्लाससाठी जुना फिल्म कॅमेरा कसा निवडावा

फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं, मास्तरांनी ‘मॅन्युअल फिल्म कॅमेरा आणा’ म्हणून सांगितलं, की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक म्हणतो निकॉनशिवाय काही घेऊच नको. दुसरा म्हणतो कुठलाही उचल, सगळे सारखेच. हे दोघंही बहुधा स्वतःच्या खिशातले पैसे घालून जुना कॅमेरा घ्यायला कधी गेलेले नसतात. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या यंत्रात कंपनीचं नाव फार तर निम्मं काम करतं. बाकी सगळं त्या एका नगावर असतं: तो कोणी वापरला, कुठे ठेवला, शेवटचा कधी चालवला. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर एक आणखी वीस वर्षं चालेल आणि दुसरा पहिल्याच रोलला दगा देईल, असं सर्रास होतं.

मॉडेलचा प्रश्न पटकन संपवू. ३५ मिमी फिल्मचा, पूर्ण मॅन्युअल, यांत्रिक शटरचा (फिल्मवर उजेड सोडणारा पडदा सेलवर नव्हे, स्प्रिंगवर चालणारा) एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा, आणि त्यावर ५० मिमीची लेन्स, एवढंच शोधायचं. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ अशी तब्बल एकवीस वर्षं निघालेला), याशिका एफएक्स-३ सुपर २०००, निकॉन एफएम किंवा एफएम१०. ह्या चारांपैकी जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो. चारही कॅमेऱ्यांत सेल फक्त उजेड मोजणाऱ्या लाइटमीटरसाठी लागतो, सेल संपला तरी शटर चालतं. फरक करायचाच तर लेन्सवरून करा. पेंटॅक्सच्या आणि निकॉनच्या माउंटला (लेन्स अडकते त्या कड्याला) दुसरी लेन्स सहज मिळते, याशिकाच्या माउंटला शोधाशोध करावी लागते. त्यामुळे याशिकाच्या लेन्सला फंगस (बुरशी) असेल तर तो सौदा तिथेच सोडा.

काय घेऊ नये तेही सांगतो, कारण घराघरांतून नेमकं हेच निघतं. कोडॅक केबी-१० मध्ये स्वतः ठरवण्यासारखं काहीच नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ दिसायला देखणा, फोटोही सुरेख येतात, पण शटरचा वेग तुम्ही निवडू शकत नाही, तो कॅमेराच निवडतो. क्लासला कुचकामी. आग्फा क्लिक थ्रीला ३५ मिमीचा नव्हे, १२० चा रुंद रोल लागतो. कॅनन एई-१ चांगला आहे, पण सेल नसला की मुका. झेनिट ई रणगाड्यासारखा दणकट, मात्र त्याचे वेग १/३० ला सुरू होतात आणि १/५०० ला संपतात. खालचे, म्हणजे १/३० हून सावकाश वेग नाहीत म्हणजे क्लासचा निम्मा अभ्यासक्रम गेला.

शोध कुठे घ्यायचा? ऑनलाइन आधी नको. खानदेशात तालुक्याच्या प्रत्येक गावी एखादा तरी जुना फोटो स्टुडिओ आहे, ज्याने फिल्मवर लग्नं केली आणि मग डिजिटल घेतला. अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठेही जा. काउंटरवर विचारा, ‘जुना रोलवाला कॅमेरा पडलाय का?’ कपाटातून पिशवी निघतेच. स्टुडिओवाल्याचा कॅमेरा वापरून झिजलेला असतो, पण चालत राहिलेला असतो. हौशी माणसाचा कोरा करकरीत, चामडी केससकट कपाटात पंचवीस वर्षं बंद पडलेला नग मला जास्त भीतीदायक वाटतो. चामड्यात ओल धरते आणि बुरशी तिथूनच लेन्सकडे निघते.

जाताना दोन एलआर४४ सेल (घड्याळवाल्याकडे मिळतात) आणि स्लो मोशन व्हिडिओ घेणारा मोबाईल न्या. बस.

आता शटर. इथे घाई करणाऱ्याचे पैसे बुडतात, आणि हा टप्पा मलाही पुष्कळ दिवस नीट उमगत नव्हता. कॅमेरा हातात घेतला, खटका दाबला, ‘खटक’ आवाज आला, म्हणजे चालू, असं सगळेच धरतात. विकणाराही तेच सांगतो, ‘एकदम चालू आहे ना भो, ऐक आवाज.’ आवाज येणं आणि वेग बरोबर असणं ह्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पहिली गोष्ट: पहिला खटका तुम्ही दाबा. विकणाऱ्याला दाबू देऊ नका. जुन्या कॅमेऱ्यातलं ग्रीस घट्ट होऊन बसलेलं असतं. पहिल्या दाबाला शटर अडखळतं, दुसऱ्याला कमी अडखळतं, सातव्या-आठव्याला सुरळीत होतं. बोलता बोलता दहादा खटखट करून मग कॅमेरा तुमच्या हातात देणारा माणूस लबाड असेलच असं नाही, अनेकांना ती सवयच असते. पण आजार मात्र झाकला जातो. फोनवर बोलतानाच सांगून ठेवा, ‘मी येईपर्यंत हात लावू नका.’

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेलेला असतो, तेव्हा ते घट्ट ग्रीसही पातळ होतं आणि आजारी शटर दुपारी शहाण्यासारखं वागतं. तोच कॅमेरा डिसेंबरात धुळ्याच्या थंडीत सकाळी सहाला काढा, एका सेकंदाला शटर उघडून तसंच राहतं. म्हणून उन्हाळ्यात कॅमेरा बघायचा असेल तर सकाळी लवकर जा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून काढून दाखवलेल्या कॅमेऱ्याची परीक्षा मी परीक्षा धरत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. आत रोल नाही ना हे बघून मागचं झाकण उघडा, लेन्स काढून ठेवा. वेग १ सेकंदावर ठेवा, कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरा आणि मागून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. बरेच मोबाईल सेकंदाला २४० चित्रं घेतात आणि ३० च्या गतीने दाखवतात, म्हणजे सगळं आठपट सावकाश दिसतं. हिशेब सोपा आहे. १ सेकंदाला पडद्यावर उजेडाची चौकट आठ सेकंद दिसली पाहिजे, १/२ ला चार, १/४ ला दोन, १/८ ला एक, १/१५ ला साधारण अर्धा सेकंद. आठच्या जागी नऊ-दहा आले तर बिनधास्त घ्या, निगेटिव्ह फिल्म एवढं पोटात घालते. आठच्या जागी चौदा आले, किंवा एकदा आठ आणि पुढच्या खेपेला बारा आले, तर ठेवून द्या. सारखाच चुकणारा कॅमेरा परवडतो, कारण चूक ठाऊक असली की हिशेबात धरता येते. दर वेळी वेगळं चुकणाऱ्याचं काय करणार?

खालचे वेग कोणाला लागतात, असं विचारणारे भेटतील. क्लासमध्ये टेबल-टॉपचा धडा असतोच. आपल्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) ज्या प्रकारासाठी ओळखले जातात तोच हा: टेबलावर घरातल्या साध्या वस्तू मांडायच्या आणि त्यातून एक अख्खं दृश्य उभं करायचं. असा फोटो खिडकीच्या उजेडात, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) एफ/१६ वर, म्हणजे अगदी बारीक करून घ्यायचा तर अर्धा सेकंद, एक सेकंद लागतोच.

वरच्या वेगांना मोबाईलचा उपयोग नाही. १/१००० मोजून दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, त्यांच्या आकड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. तिथे डोळे वापरा. झाकण उघडंच ठेवून कॅमेरा मोकळ्या आभाळाकडे धरा (सूर्याकडे नव्हे, कधीच नव्हे), १/१००० ला खटका दाबा आणि मागून बघा. क्षणभर पूर्ण चौकट उजळलेली दिसली पाहिजे. एखादी कड काळी राहत असेल तर शटरचा दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय. पेंटॅक्सचा कापडी पडदा आडवा धावतो, म्हणून तिथे डावी-उजवी कड बघा. निकॉन-याशिकाच्या धातूच्या पात्या वरून खाली जातात, तिथे वरची-खालची. हे दहा वेळा करा, कारण हा दोष कधी दिसतो, कधी लपतो. दोष १/१००० लाच असेल आणि किंमत खरोखर उतरत असेल तर चालवून घेता येईल. १/५०० लाही दिसला तर नको. उद्या सारंगखेड्याच्या यात्रेत पळता घोडा टिपायला गेलात की अर्धा घोडा काळ्या पट्टीत जाईल.

कापडी पडद्याला हात लावू नका. धातूच्या पात्यांना तर अजिबात नको. विकणाऱ्यानेही बोट घालून दाखवायला सुरुवात केली तर थांबवा.

शटर पास झालं की बाकीचं सोपं. लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून बघा. धुळीचे कण चालतील, पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालेल, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा किंवा धुरकट पडदा चालणार नाही. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर ठेवून लेन्सच्या मागची कळ हलवा. पात्या झटकन मिटायला हव्यात. रेंगाळल्या, किंवा त्यांच्यावर ओला तुकतुकीतपणा दिसला, तर तेल उतरलंय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार होतं आणि अशा लेन्सने सगळे फोटो जास्त उजळ येतात. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर असेल तर भाव पाडा. झाकणाच्या खोबणीतला फोम चिकट डांबर झालेला असणारच. त्याला घाबरू नका, घरी अर्ध्या तासात बदलता येतो. लाइटमीटर मेला असेल तरी कॅमेरा घ्या. रणरणत्या उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या आयएसओच्या (उजेड टिपण्याच्या क्षमतेच्या आकड्याच्या) जवळचा वेग, म्हणजे २०० च्या फिल्मला १/२५०, हा नियम खानदेशाइतका दुसरीकडे क्वचितच चोख चालत असेल.

भाव ठरवताना सगळं बजेट कॅमेऱ्यात घालू नका. एक तृतीयांश रोल, डेव्हलपिंग आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढा. आणि सौदा करताना एकच अट घाला: एक रोल मारून बघतो, शटरचा घोळ निघाला तर परत. स्टुडिओवाले सहसा हो म्हणतात. ऑनलाइनवाला नाही म्हणाला तर रात्रभर पडून असलेल्या कॅमेऱ्याच्या पहिल्या खटक्याचा व्हिडिओ मागा. तोही देत नसेल तर नमस्कार करा.

तपासणीचा रोल ताजाच हवा. घरात सापडलेला मुदत संपलेला इंदूचा (हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा) रोल भावना म्हणून जपा, परीक्षेला वापरू नका. २०० आयएसओचा रोल घाला आणि पुढे ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरतेय का बघा. ती फिरत नसेल तर रोल अडकलेलाच नाही. मग मोकळ्या सावलीतली एक चुन्याची भिंत निवडून एकापाठोपाठ फोटो घ्या: १/१००० ला एफ/२.८, १/५०० ला एफ/४, १/२५० ला एफ/५.६, १/१२५ ला एफ/८, १/६० ला एफ/११, १/३० ला एफ/१६. सहाही जोड्यांत फिल्मवर सारखाच उजेड पडतो, म्हणजे सहाही निगेटिव्ह सारख्याच दाट निघायला हव्यात. एखादी वेगळी निघाली तर गुन्हेगार वेग सापडला. उरलेल्या रोलवर हवं ते काढा.

रोल पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरिअर करणार असाल तर निगेटिव्ह न कापता परत पाठवायला सांगा. स्कॅन करताना लॅबचं मशीन उजेड आपोआप सारखा करून टाकतं, त्यामुळे मोबाईलवर आलेले सहाही फोटो छान दिसतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. निगेटिव्हची पट्टी खिडकीला धरून बघा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत बघा.