गेल्सेनकिर्शेनला मॅच बघायला जाताना

मी वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचा निवृत्त माणूस. सिल्लेवाड्याच्या भूमिगत खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा होतो, आणि पाळी नसेल त्या दिवशी संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर. आता मुलगा-सून जर्मनीत एसेनला राहतात. नागपूरचे बरेच आईवडील हल्ली असेच मुलांकडे जातात, आणि ज्यांना फुटबॉलचं वेड आहे ते विचारतात, मॅच बघायला काय करावं लागतं? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

क्लब निवडताना तिथली माणसं काय काम करत होती ते आधी बघा. एसेनच्या शेजारी गेल्सेनकिर्शेन आहे, शाल्के ०४ चं गाव. १९०४ साली पोरांनी काढलेला हा क्लब खाणकामगारांच्या वस्तीत वाढला. त्यांच्या जुन्या मैदानाची जागा एका कोळसा खाणीची होती. ते मैदान १९२८ साली सुरू झालं आणि त्याच्या नावातच 'ग्ल्युक आउफ' आहे. हा तिथल्या खाणकामगारांचा एकमेकांना करायचा रामराम. मॅचच्या आदल्या दिवशी तिथे चक्कर मारून या. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये जवळच बोट्रॉपला बंद झाली. लोक मात्र अजूनही ग्ल्युक आउफ म्हणतात.

तिकीट क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. आधी सभासदांना मिळतं, उरलेलं सगळ्यांसाठी खुलं होतं, आणि ज्यांना जाता येत नाही ते आपलं तिकीट तिथेच परत विकायला ठेवतात. स्टेशनबाहेर कोणी तिकीट देऊ लागलं तर सरळ पुढे चला.

कपड्यांचं बायकोला आधीच सांगून ठेवा. माझ्या बॅगेत हिने हौसेने पिवळा स्वेटर ठेवला होता. मुलाने तो बघितला आणि कपाटात परत ठेवला. पिवळा-काळा म्हणजे शेजारचं डॉर्टमुंड, आणि या दोघांचं वैर फार जुनं. शाल्केचा रंग निळा-पांढरा. गळ्यात निळा मफलर असला की अनोळखी माणूसही बाजूला सरकून जागा देतो. मोठी पिशवी नेऊ नका. बहुतेक स्टेडियममध्ये ए-४ कागदापेक्षा मोठी पिशवी आत जात नाही.

दोन तास आधी निघा. गेल्सेनकिर्शेन स्टेशनवरून ३०२ नंबरची ट्राम स्टेडियमला जाते, आणि माझ्या मते मॅच ट्राममध्येच सुरू होते. आजोबा, नातू, नर्सच्या गणवेशातली बाई, सगळे एका सुरात गात असतात. शब्द कळले नाहीत तरी टाळ्यांचा ठेका धरता येतो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला मुलाने सांगितलं, बाबा भारतात कोळशाच्या खाणीत होते. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ट्राम थांबेपर्यंत सोडला नाही.

आत गेल्यावर सॉसेज खा, शाकाहारी असाल तर ब्रेत्सेल, म्हणजे वेढा घातलेला खारा पाव. पेयाच्या ग्लासची अनामत रक्कम घेतात. रिकामा ग्लास परत दिला की पैसे परत मिळतात, फेकू नका. गोलामागच्या भागात लोक नव्वद मिनिटं उभे राहतात. गुडघे दुखत असतील तर बसायचं तिकीट काढा. तिथे मोबाइल वर करून कट्टर समर्थकांचे चेहरे टिपू नका, त्यांना ते अजिबात आवडत नाही. संघ जाहीर होताना निवेदक खेळाडूचं पहिलं नाव म्हणतो आणि आडनाव सगळं स्टेडियम ओरडतं. तुम्हीही ओरडा.

मॅचच्या आधी खाणकामगारांचं जुनं गाणं होतं. तेव्हा उभे राहा, मफलर दोन्ही हातांनी वर धरा. खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तो खाणीच्या बोगद्यासारखा सजवलेला आहे. स्टेडियम दाखवायच्या फेरीत तो आतून बघता येतो. मी भिंतीला हात लावून बराच वेळ उभा होतो. आमच्या खालच्या पाळीतले कितीतरी चेहरे आठवले.

मोठ्या मॅचचं तिकीट नाहीच मिळालं तर रविवारी दुपारी वस्तीतल्या हौशी क्लबची मॅच गाठा. तिकीट अगदी स्वस्त, कॉफी आणि केक क्लबचीच माणसं विकतात, कठड्याला टेकून बघायचं, जसं आपण कामठीला बघतो. फक्त परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, रविवारी बस कमी असतात.