शिकागो १८९३ : कोलंबियन प्रदर्शनाची पदके जमवताना

कोलंबसाच्या अमेरिकेतील आगमनाला ४०० वर्षे झाली म्हणून शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. १ मे १८९३ ला दारे उघडली, ३० ऑक्टोबरला बंद झाली. उद्‌घाटनाचा औपचारिक सोहळा मात्र आधीच, ऑक्टोबर १८९२ मध्ये उरकला होता. त्यामुळे पदकांवर १८९२, १८९३ किंवा दोन्ही साले दिसतात. नुसते १८९२ असलेले पदक पाहून ‘चुकीच्या सालाचे दुर्मिळ’ म्हणून जादा पैसे मोजू नका. तो काही दोष नव्हे.

या प्रदर्शनाची पदके शेकडो प्रकारची आहेत. शिकागोच्या एस. डी. चाइल्ड्ससारख्या दुकानांनी ती काढली, न्यूरेंबर्गच्या लाउअरने आणि श्टुटगार्टच्या मायरने जर्मनीतून पाठवली, मिलानहून तर १०२ मिलिमीटर व्यासाचे भलेमोठे पदक आले. ‘१३० वर्षे जुने’ एवढ्यावर यातले काहीही महाग ठरत नाही. सामान्य अ‍ॅल्युमिनियमची पदके आजही भरपूर मिळतात. किंमत ठरते ती कोणत्या ठशाचे (म्हणजे धातूवर नक्षी दाबून उमटवणाऱ्या कोरीव ठोकळ्याचे) पदक कोणत्या धातूत पाडले आहे यावर, आणि पृष्ठभाग अजून कोणी घासलेला नाही ना, यावर. म्हणून संग्रहाची सुरुवात विषय अरुंद करून करावी. प्रदर्शनातली प्रशासकीय इमारत असलेली सगळी पदके, किंवा तिथला मोठा फिरता पाळणा म्हणजे फेरिस चक्र, किंवा महिला इमारत, असा एकच धागा धरा आणि त्या धाग्यातला प्रत्येक ठसा शक्य तितक्या धातूंत मिळवा. समोर येईल ते उचलत गेलात तर हाती डबाभर पदके येतील, संग्रह येणार नाही.

आधी नाणे की पदक ते ठरवा

नवख्यांची पहिली गफलत कोलंबियन अर्ध्या डॉलरपाशी होते. ते पदक नाही, नाणे आहे. त्यावर अमेरिकेचे नाव आणि ‘हाफ डॉलर’ हे मूल्य असते, धातू ९०० शुद्धतेची चांदी, वजन १२.५ ग्रॅम, व्यास ३०.६ मिलिमीटर. प्रदर्शनात ते दुप्पट दराने, एक डॉलरला विकायला ठेवले होते. बरीच नाणी न खपता उरली आणि पुढे चलनात गेली, त्यामुळे झिजलेले नाणे अगदी सामान्य आहे. पदकावर मूल्य नसते. ३३ ते ४५ मिलिमीटरच्या पदकांना अमेरिकेत ‘सो-कॉल्ड डॉलर’ म्हणतात आणि त्यांना हिब्लर-कॅपेन सूचीचे ‘एचके’ क्रमांक लावतात. त्याच सूचीत दुर्मिळतेची मोजपट्टी आहे : आर-१ म्हणजे ५,००० हून अधिक नग, आर-५ म्हणजे ७६ ते २००, आर-७ म्हणजे ११ ते २०, आर-१० म्हणजे एकच. कोलंबसविषयक पदकांची स्वतंत्र सूची एग्लिटची आहे. विक्रेता ‘अतिदुर्मिळ’ म्हणाला की पहिला प्रश्न हाच : क्रमांक कोणता? क्रमांक नसला तर पदक खोटे ठरत नाही, पण दुर्मिळतेचा दावा मात्र हवेत राहतो.

पारितोषिकाचे ब्राँझ पदक

या प्रदर्शनातले सर्वांत नावाजलेले पदक ते हेच, एग्लिट ९०. व्यास ७६ मिलिमीटर. दर्शनी बाजू शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची : किनाऱ्यावर पाऊल ठेवणारा, हात पसरलेला कोलंबस. मागची बाजू अमेरिकी टांकसाळीचे मुख्य खोदकाम-कारागीर चार्ल्स बार्बर यांची. सेंट-गॉडन्स यांनी मागच्या बाजूवर एका नग्न तरुणाची आकृती काढली होती. तिच्यावर गदारोळ झाला, सिनेटच्या समितीने ती नाकारली आणि काम बार्बरकडे गेले. या भांडणात वेळ गेला आणि विजेत्यांना पदके मिळायला १८९६ उजाडले. म्हणजे नग्न तरुणाची मागची बाजू असलेले ‘विजेत्याला मिळालेले मूळ पदक’ कोणी विकत असेल तर तिथेच थांबा. विजेत्यांना वाटलेल्या पदकावर बार्बरचीच बाजू असते.

पदके पाडण्याचे काम कनेक्टिकटमधील वॉटरबरीच्या स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने केले. वीस हजारांहून अधिक पारितोषिके दिली गेली आणि प्रत्येक पदकावर विजेत्याचे नाव उठावदार अक्षरांत आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी नवा ठसा खोदला नाही, मुख्य ठशात नावाची छोटी पट्टी बदलून बसवली. म्हणून भिंगाखाली नावाभोवती बारीक चौकोनी रेघ किंवा पातळीत किंचित फरक दिसला तर घाबरू नका, तो कामाच्या पद्धतीचा भाग आहे. घाबरायचे ते नाव आत कोरलेले असेल, किंवा नावाची जागा घासून सपाट केलेली असेल तेव्हा. नाव खोडून दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध विजेत्याचे नाव कोरण्याचा मोह बाजाराला सुटत नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. शिकागोत पहिला, दुसरा, तिसरा असे दर्जे नव्हते. एकच पारितोषिक, एकच ब्राँझ पदक आणि सोबत प्रशस्तिपत्र. ‘१८९३ शिकागो, सुवर्णपदक’ अशी जाहिरात त्या काळच्या अनेक उत्पादकांनी बिनदिक्कत केली. राजा रवी वर्मा यांच्या चित्रांनाही या प्रदर्शनात पारितोषिके मिळाली आणि आपल्याकडच्या लेखांत ती सुवर्णपदके म्हणून सर्रास छापली जातात. मान मोठाच होता, पण धातू ब्राँझ. बाजारात सोनेरी किंवा चंदेरी दिसणारे पारितोषिक-पदक आले तर तो मुलामा समजावा आणि भाव साध्या ब्राँझपेक्षा कमीच लावावा, कारण मुलाम्याखाली मूळ पृष्ठभाग गेला.

पदकासोबत अ‍ॅल्युमिनियमची, आतून मखमल लावलेली डबी मिळत असे. पदक जसे टिकते तशी डबी टिकत नाही; ती ठेचलेली, वेगळी झालेली किंवा हरवलेली असते. डबीसकट पदक घेणे चांगलेच, मात्र पदक डबीत ठेवू नये. जुन्या मखमलीतून, सरसातून आम्लाची वाफ सुटते आणि ब्राँझवर डाग धरतात. दोन्ही शेजारी ठेवा, वेगवेगळ्या पिशव्यांत.

धातू ओळखणे

एकाच ठशाचे पदक ब्राँझ, पितळ, व्हाइट मेटल (कथलाचा पांढरट मिश्रधातू) आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये मिळते. किमतीत पाच-दहापट फरक पडू शकतो आणि फोटोवरून व्हाइट मेटल, अ‍ॅल्युमिनियम व चांदीचा मुलामा वेगळा ओळखणे अवघड असते. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची पद्धत १८८६ मध्ये सापडली, त्यामुळे १८९३ ला तो अजून कौतुकाचा धातू होता. हलक्या पदकाला ‘नकली’ म्हणून परत करू नका.

लागणारे सामान फार नाही : ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग, लोहचुंबक, शिवणाचा दोरा, शुद्ध पाण्याचा पेला. मोठ्या पदकासाठी काटा ५०० ग्रॅमपर्यंतचा घ्या. सोनाराकडचा छोटा काटा २०० ग्रॅमला थांबतो.

पदकाचे कोरडे वजन लिहून घ्या. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. पदक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडांना टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल तो पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडे वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. अ‍ॅल्युमिनियम २.७ च्या आसपास, कथलाचा व्हाइट मेटल ७.३, पितळ ८.५, ब्राँझ ८.८, चांदी १० च्या वर. उदाहरणार्थ, ५८.४ ग्रॅमचे पदक ८.० दाखवत असेल तर घनता ७.३, म्हणजे व्हाइट मेटल. ‘चांदी’ म्हणून मागितलेली किंमत विसरा.

आकडा चुकतो तो बहुतेक बुडबुड्यांमुळे. उठाव खोल असला की अक्षरांच्या खाचांत हवा अडकते, घनता कमी येते. पदक पाण्यातच हळू हलवून बुडबुडे सोडवा आणि तीनदा मोजा. झाल्यावर मऊ सुती कापडाने टिपा, पुसू नका, आणि पंख्याखाली सुकवा. पदकावर कागदी चिठ्ठी, फीत किंवा लाखेचा थर असेल तर ही चाचणी करायची नाही. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, पुढे काही तपासायचे उरत नाही.

ओतीव नकला आणि विद्युत-प्रती

खऱ्या पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल गार होताना आकसते. ब्राँझमध्ये हे आकुंचन साधारण एक ते दोन टक्के असते, त्यामुळे ७६ मिलिमीटरचे पदक ७५ च्या आसपास किंवा त्याहून खाली भरते. व्यास तीन दिशांनी मोजा. भिंगाखाली सपाट जागेवर बारीक खड्डे आणि साबणासारख्या गुळगुळीत, कोपरे बोथट झालेल्या अक्षरकडा दिसल्या की ओतीव समजावे. ठशाने पाडलेल्या पदकात अक्षराची भिंत मैदानाला तीक्ष्ण कोनात भेटते.

विद्युत-प्रत जास्त फसवी. तांब्याची दोन पातळ कवचे वीजप्रवाहाने बनवून मध्ये शिसे भरतात. व्यास जवळपास बरोबर येतो, बारकावे सुंदर उतरतात आणि शिशामुळे घनतेचा आकडाही दगा देतो. इथे कडच उपयोगी पडते. कड तिरप्या उजेडात पूर्ण फिरवून पाहा. दोन कवचांच्या सांध्याची रेघ कुठेतरी दिसते, किंवा ती लपवायला कानसलेल्या खुणा. पदक बोटाच्या टोकावर तोलून लाकडी काडीने हलके टिचकी मारली तर पाडलेले पदक घुमते, शिसे भरलेले ठप्प वाजते. फोटोवरून खरेदी करताना म्हणूनच कडेचा फोटो मागायलाच हवा. दोन्ही बाजू, कड, वजन आणि व्यास हे पाच मिळाल्याशिवाय बोली लावू नये. टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याचे उत्तर त्यातच आले.

भाव ठरवताना मागितलेली किंमत बघू नका, लिलावसंस्थांच्या संकेतस्थळांवरची प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत बघा, आणि तीही त्याच धातूची, तशाच प्रतीची. अ‍ॅल्युमिनियमच्या पदकांना गळ्यात घालायला भोके पाडलेली असतात. भोक नंतरचे असेल तर भाव निम्म्याहून खाली जातो.

भारतात आणताना

परदेशातून मागवताना विक्रेत्याकडून पावतीवर ‘१८९३ चे स्मृतिपदक, धातू अमुक’ असे स्पष्ट लिहून घ्या. नुसते ‘नाणे’ किंवा ‘भेटवस्तू’ लिहिले की सीमाशुल्कात पार्सल अडकते. संग्राह्य वस्तूंसाठी शीर्ष ९७०५ आणि शंभर वर्षांवरच्या पुरातन वस्तूंसाठी ९७०६ आहे. दर बदलत राहतात, ते कुरियरकडून आधी विचारून घ्यावेत.

त्याहून महत्त्वाचे, परतीचा रस्ता. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे आणलेले पदक उद्या अमेरिकेत विकायला किंवा तिथल्या प्रमाणन कंपनीकडे दर्जा लावायला पाठवू म्हणाल तर अडचणीत याल. एनजीसी किंवा पीसीजीएसचे प्रमाणन हवे असेल तर ते खरेदीच्या वेळी तिकडेच करून घ्या आणि सीलबंद कवचासकट मागवा.

सांभाळणे

घरातला हौशी हात हा पदकाचा सर्वांत मोठा शत्रू. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर : देवघरातल्या समईला जे चालते ते इथे चालत नाही. ब्राँझचा तपकिरी रंग कारखान्यात मुद्दाम दिलेला असतो. तो एकदा उतरला की गुलाबी-नारिंगी तांबूस पदक उरते आणि परत तसा रंग येत नाही. अ‍ॅल्युमिनियमला साबण आणि सोडाही खातो. व्हाइट मेटल इतका मऊ असतो की कोरडे कापड फिरवले तरी केसांसारख्या रेघा उठतात. आधीच घासलेले पदक ओळखायचे तर दिव्याखाली तिरपे धरून फिरवा : एकाच दिशेने धावणाऱ्या रेघा आणि अक्षरांच्या खाचांत अडकलेली पांढरी पावडर दिसेल.

पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांत पदक ठेवू नका. त्यातला मऊ करणारा द्रव सुटतो आणि धातूवर हिरवट चिकटा बसतो. तो चढलाच असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे बुडवून काढावे, न चोळता, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर. पदकावर लाखेचा थर असेल तर अ‍ॅसिटोन तोही उतरवेल. ठेवण्यासाठी पॉलिएस्टरची कडक पाकिटे घ्या.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, शिवाय हवेत मीठ. क्लोराइड आणि ओल एकत्र आले की ब्राँझवर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी फुटते आणि ती आत आत खात जाते. घट्ट बसणाऱ्या काळसर हिरव्या थराचा हा प्रकार नाही. भुकटी दिसताच ते पदक बाकीच्यांपासून वेगळे करून कोरड्या डब्यात ठेवा आणि धातू-संवर्धकाला दाखवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० टक्क्यांच्या खाली राखा. रंग बदलणारे जेल घेतलेत तर ते केव्हा तापवून सुकवायचे हे कळते. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बघावे लागते. लाकडी कपाट, विशेषतः सागवानी किंवा प्लायवूडचे नवे, टाळा. त्यातूनही आम्ल सुटते. स्टीलचे कपाट बरे.

पाकिटावरच्या कागदी चिठ्ठीवर सूची क्रमांक, धातू, वजन, व्यास, घनता, कोणाकडून कधी घेतले आणि किती रुपयांना, हे मऊ पेन्सिलीने लिहा, आणि तेही पदक आत घालण्याआधी. आत पदक असताना पेन दाबले की पृष्ठभागावर अक्षर उमटते, आणि व्हाइट मेटलवर उमटलेले ते जात नाही.