प्रेमकादंबरी पुरस्कारासाठी पाठवताना

प्रेमकादंबरीला स्वतंत्र पुरस्कार देण्याची परंपरा प्रामुख्याने इंग्रजी लेखकांच्या संघटनांनी रुजवली. ब्रिटनमधील रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन १९६० साली स्थापन झाली आणि आजही ती दरवर्षी पुरस्कार देते. अमेरिकेतील रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही संघटना १९८० सालची. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रेमकादंबरीचा वेगळा विभाग नाही. ती इतर कादंबऱ्यांसोबतच हरि नारायण आपटे पुरस्कारासाठी, आणि लेखकाची पहिलीच कादंबरी असल्यास श्री. ना. पेंडसे पुरस्कारासाठी विचारात घेतली जाते. त्यामुळे पुढील मार्गदर्शन मुख्यतः इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी लेखकांसाठी आहे, मग ते पुण्यात राहत असोत वा परदेशात.

सर्वप्रथम पुरस्काराच्या नियमावलीतील प्रेमकादंबरीची व्याख्या वाचावी. अमेरिकन संघटनेच्या व्याख्येत दोन अटी आहेत: प्रेमकथा हा कादंबरीचा गाभा असावा, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असावा. दुसरी अट मराठी वाचनावर वाढलेल्या लेखकाला अनेकदा अडते, कारण ताटातुटीत किंवा मृत्यूत संपणारी प्रेमकथा आपल्याकडे प्रेमकथाच मानली जाते. अशा व्याख्येखालच्या स्पर्धेत मात्र ती कितीही सुंदर लिहिलेली असली तरी बसत नाही. पहिली अट तपासण्यासाठी प्रेमाचा धागा काढून टाकल्यावर कथानक उभे राहते का, हे पाहावे. ते सहज उभे राहत असेल, तर ती कादंबरी रहस्यकथेच्या किंवा ऐतिहासिक कादंबरीच्या पुरस्काराकडे पाठवणे अधिक योग्य.

त्यानंतर विभाग ठरवावा. समकालीन, ऐतिहासिक, विनोदी, अद्भुतरम्य, कौटुंबिक गाथा, लघुकादंबरी आणि पदार्पण असे विभाग सर्वसाधारणपणे आढळतात, आणि काही ठिकाणी शब्दसंख्येवरूनही विभागणी होते. शब्दसंख्येचे बंधन काटेकोर असते, म्हणून अंदाजावर विसंबू नये.

सर्वांत अधिक वेळ द्यायचा तो परीक्षण कोण करते हे समजून घेण्यासाठी. या बाबतीत वर उल्लेखलेल्या अमेरिकन संघटनेच्या रिटा पुरस्काराचा इतिहास प्रत्येक स्पर्धकाने जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते. १९८२ साली गोल्डन मेडॅलियन या नावाने सुरू झालेल्या या पुरस्काराला १९९० पासून संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष रिटा क्ले एस्ट्राडा यांचे नाव मिळाले. परीक्षण लेखकच करीत, आणि समव्यवसायी लेखकांनी दिलेली दाद म्हणून त्याचे मोल मोठे होते. परंतु अंतिम फेरीत पोहोचलेल्या एकूण पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती, हे २०१८ साली संघटनेनेच मान्य केले, आणि केनेडी रायन व एम. मलोन या पहिल्या कृष्णवर्णीय विजेत्या ठरायला २०१९ साल उजाडावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस कोर्टनी मिलान या लेखिकेवर, एका कादंबरीतील वंशभेदावर टीका केल्याच्या प्रकरणात, संघटनेने कारवाई केली. त्यावरून इतके परीक्षक आणि स्पर्धक बाहेर पडले की २०२० ची स्पर्धाच रद्द झाली आणि रिटा पुरस्कार कायमचा थांबवण्यात आला. त्याच्या जागी संघटनेच्या संस्थापक व्हिव्हियन स्टीव्हन्स यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला; पण पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, मूळ अमेरिकन रहिवाशांच्या हत्याकांडात सहभागी असलेल्या नायकाच्या कादंबरीला मिळालेला पुरस्कार टीकेनंतर परत घ्यावा लागला. २०२४ साली संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

एवढा तपशील देण्याचे कारण असे की परदेशात नावाजलेला पुरस्कारही परीक्षकांच्या वर्तुळाइतकाच विशाल असतो. ज्यांच्या कथेत कोल्हापूरचे किंवा मडगावचे कुटुंब, स्थळे पाहण्याची पद्धत, जातीचा प्रश्न येतो, त्यांनी तर मागील काही वर्षांच्या अंतिम याद्या उघडून त्यांत आपल्यासारख्या पार्श्वभूमीची पुस्तके दिसतात का हे पाहूनच शुल्क भरावे. परीक्षक लेखक आहेत, ग्रंथपाल आहेत की सर्वसामान्य वाचक आहेत, एक पुस्तक किती जण वाचतात आणि गुणदानाचे निकष जाहीर केलेले आहेत का, हेही विचारावे. चांगली संघटना या प्रश्नांना उत्तर देते.

शुल्काच्या बाबतीत, स्पर्धा रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, ही अट लेखी पाहावी. संघटनेचे सभासदत्व आवश्यक आहे का, स्वतः प्रकाशित केलेली पुस्तके चालतात का आणि लेखकाच्या निवासाची किंवा प्रकाशनाच्या देशाची अट आहे का, हे तीन मुद्दे भारतातून पाठवणाऱ्यासाठी निर्णायक ठरतात. ज्या पुरस्काराची संस्था सहभागी होणाऱ्या जवळजवळ प्रत्येकालाच काही ना काही देते आणि नंतर मुखपृष्ठावरील शिक्का विकत घ्यायला सांगते, त्यापासून दूर राहावे.

प्रकाशनाची तारीख प्रत्येक नियमावलीत वेगळ्या कालावधीत मोजली जाते. डिसेंबरमध्ये निघणारे पुस्तक पुष्कळदा दोन वर्षांच्या फटीत सापडते, म्हणून प्रकाशकाशी तारीख ठरवतानाच याचा विचार व्हावा. प्रवेशिका प्रकाशकाने पाठवायची की लेखकाने, हेही त्याच बोलण्यात स्पष्ट करून घ्यावे.

हस्तलिखित अद्याप अप्रकाशित असेल, तर ब्रिटिश संघटनेची नवलेखक योजना पाहावी. तीत अनुभवी लेखक हस्तलिखित वाचून सविस्तर अभिप्राय देतात, आणि त्या मार्गाने पुढे प्रकाशित झालेल्या पदार्पणाच्या कादंबऱ्यांसाठी जोन हेसायन यांच्या नावाचा पुरस्कार आहे. जागा मर्यादित असतात. तेव्हा योजनेची प्रवेशतारीख आधी पाहून हस्तलिखिताचे वेळापत्रक तिच्यावरून आखावे.