फवारूनही गोठ्यातल्या माश्या हटत नाहीत तेव्हा

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी-फोंड्याकडच्या गोठ्यात गाय सारखी पाय आपटू लागली, की वाकून पुढचे पाय बघा. घरमाशीएवढीच, पण तोंडातून पुढे ताठ सोंड आलेली माशी दिसली, तर ती स्टोमोक्सिस, म्हणजे गोठ्यातली रक्त पिणारी माशी.

औषध लागू पडत नसेल, तर आधी फवारणी तपासा. लेबलवर लिटरला 2 मिली लिहिले असेल, तर 10 लिटरच्या पंपात 20 मिली. सिरिंजने मोजा, झाकणाने नको. ही माशी पाय आणि पोटाखाली चावते, काही मिनिटांत रक्त पिऊन भिंतीवर जाऊन बसते. नुसती पाठ भिजवून काय होणार? शिवाय जनावर लगेच पावसात सोडले तर औषध धुऊनच जाते.

हे सगळे नीट असूनही माश्या तितक्याच? तरी गोठ्यातल्या माश्या मोजून निष्कर्ष काढू नका, शेजारच्या गोठ्यातून नव्या येत राहतात. दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत लेबलच्या मात्रेच्या द्रावणात भिजवून सुकवलेला टीपकागद, दुसरीत पाण्यात भिजवून सुकवलेला. हातमोजे घाला. जाळीने पकडलेल्या 15-15 माश्या सोडा, साखरपाण्याचा बोळा ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधा, बरण्या सावलीत ठेवा. तासाभरात उलटी पडलेली माशी मेली असे धरू नका; औषधाला सरावलेली माशी पुन्हा उठते. मोजणी 24 तासांनी करा. औषधाच्या बरणीत बऱ्याच जिवंत असतील, तर माश्या औषधाला सरावल्याचा संशय पक्का. पाण्याच्या बरणीतल्याही मेल्या असतील, तर चाचणी फुकट, पुन्हा करा.

दुकानातून दुसरी बाटली आणताना ब्रँड नव्हे, औषधाचा रासायनिक गट बघा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन तिन्ही पायरेथ्रॉइड या एकाच गटातली; एकाला सरावलेली माशी बहुधा दुसऱ्यालाही दाद देत नाही. मात्रा दुप्पट करणे तर सर्वांत वाईट: कमकुवत माश्या मरतात, सरावलेल्यांचीच वीण उरते. वेगळ्या गटाचे औषध पशुवैद्यांना विचारूनच घ्या, आणि दूध किती दिवस वापरायचे नाही तेही विचारा.

खरा इलाज मात्र शेणात आहे. मूत-शेणात कुजलेला भाताचा पेंढा हेच तिचे अंडी घालायचे ठिकाण, आणि उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला दोनेक आठवडे पुरतात. म्हणून गव्हाणीखालचा, कोपऱ्यातला ओला पेंढा आठवड्यातून दोनदा खरवडून काढा. उन्हाळ्यात तो पातळ पसरून वाळवा. पावसात वाळणार नाही. तेव्हा ढीग करून जाड प्लास्टिकने झाका आणि कडा मातीने दाबा. मधला भाग तापतो, पण अळ्या थंड कडेला सरकतात, म्हणून ढीग अधूनमधून उलटवून कडेचा माल मध्ये घाला.