सिलिंडर हेडचे स्टड योग्य रीतीने कसे आवळावेत

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला, कोंडीत, गाडी तापली आणि सिलिंडर हेड (इंजिनचा वरचा, झाकणासारखा भाग) व खालचा ब्लॉक यांच्यामधले हेड गॅस्केट गेले, तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हेड फेसिंग करून, म्हणजे त्याची टेकणारी बाजू सपाट करून आणले, नवे गॅस्केट आले, की काम संपत आले असे वाटू लागते; प्रत्यक्षात सर्वांत नाजूक काम तेव्हाच सुरू होते.

नट आवळताना आपण स्टडला, म्हणजे ब्लॉकमधून वर आलेल्या आटेदार दांड्याला, किंचित ताणत असतो आणि तो ताणच स्प्रिंगसारखा हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. टॉर्क रेंच हा पाना मात्र हा ताण मोजत नाही, नट फिरवायला किती जोर (टॉर्क) लागला एवढेच मोजतो, आणि त्या जोराचा ढोबळमानाने नऊ दशांश भाग आट्यांमधल्या व नटाखालच्या घर्षणात खर्च होतो. म्हणून आट्यात गंज किंवा जुने सीलंट असेल, तर रेंच बरोबर आकडा दाखवतो आणि हेड सैलच राहते. मनगटाच्या ताकदीपेक्षा स्वच्छतेला इथे जास्त मोल आहे.

सुरुवात ब्लॉकच्या छिद्रांपासून करावी. आटे साफ करण्यासाठी थ्रेड चेझर वापरावा. नवे आटे पाडणारा टॅप धातू खरवडतो आणि आटे ढिले करतो. त्यानंतर डोळ्यांवर चष्मा लावून कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक छिद्र कोरडे करावे. वागळे इस्टेटमधील एका गॅरेजमध्ये तळ बंद असलेल्या छिद्रात चमचाभर कूलंट राहिले होते. द्रव दाबला जात नसल्यामुळे नट आवळताना तो जोर ब्लॉकवर आला आणि छिद्राच्या कडेपासून केसाएवढी चीर गेली. हेड बसवण्याआधी पाच मिनिटे टॉर्च घेऊन छिद्रे पाहिली असती, तर तो ब्लॉक वाचला असता, याची मला आजही हळहळ वाटते.

ब्लॉकचा माथा आणि हेडची त्यावर टेकणारी बाजू स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) व फिलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) आडवी, उभी आणि तिरकी तपासावी. किती वाक चालेल ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघड्या बिडाच्या ब्लॉकवर एका रात्रीत तांबूस थर धरतो, म्हणून पुसलेल्या माथ्यावर तेलाचा हात फिरवून ठेवावा आणि गॅस्केट ठेवण्यापूर्वी ते तेल पूर्ण काढावे.

स्टड ब्लॉकमध्ये हातानेच शेवटपर्यंत बसवावेत. मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल, तर पान्याने करकचून आवळू नयेत. जी छिद्रे पाण्याच्या जॅकेटमध्ये (कूलंट खेळणाऱ्या पोकळीत) उघडतात, तिथे आट्यांना सीलंट लावावे. मग गॅस्केटवरील खूण पाहून ते योग्य बाजूने ठेवावे आणि हेड सरळ खाली उतरवावे. वॉशर बसवून वरचे आटे आणि नटाची वॉशरवर टेकणारी बाजू वंगणाने ओली करावी. टॉर्कचा आकडा ज्या वंगणासाठी दिला आहे, तेच वंगण वापरावे. इंजिन ऑइलसाठी दिलेला आकडा मॉलिब्डेनमच्या निसरड्या पेस्टवर वापरला, तर घर्षण कमी झाल्याने स्टड जास्त ताणला जातो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे उपटून येऊ शकतात.

आवळण्याचा क्रम मॅन्युअलमधील आकृतीप्रमाणेच ठेवावा. साधारणपणे तो मधल्या स्टडपासून आलटून पालटून दोन्ही टोकांकडे जातो, जेणेकरून गॅस्केट मधून बाहेर सपाट होत जाते. शेवटचा आकडा ९० न्यूटन-मीटर असेल, तर सगळे नट आधी ३० ला, मग ६० ला आणि शेवटी ९० ला, असे तीन फेऱ्यांत आवळावेत. एकच नट एकदम ९० ला नेला, तर हेड तिरपे दाबले जाते. रेंच स्वतःकडे, संथपणे, एका दमात ओढावा आणि 'टक' असा आवाज येताच थांबावे. खात्रीसाठी पुन्हा टक करणे म्हणजे नट आणखी फिरवणे. नट अडखळत, करकरत फिरला, तर तो आकडा खरा धरू नये; तो नट सैल करून एका ओढीत पुन्हा आवळावा. झालेल्या प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे मध्ये कोणी हाक मारली तरी गोंधळ होत नाही. नट उघडण्यासाठी टॉर्क रेंच कधीही वापरू नये.

एक फरक इथे लक्षात ठेवावा. अनेक आधुनिक गाड्यांमध्ये स्टडऐवजी ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट असतात. ते कायमचे ताणले जाणारे असतील, तर दर वेळी नवेच घ्यावेत.

इंजिन एकदा पूर्ण गरम करून रात्रभर थंड होऊ द्यावे. पुन्हा टॉर्क देण्याची सूचना असेल, तरच त्याच क्रमाने एका वेळी एकच नट थोडा सैल करून शेवटच्या आकड्यापर्यंत आणावा. त्यानंतर थंड इंजिनवरच रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी पाहावी, आणि डिपस्टिकवरच्या ऑइलला दुधाळ रंग आला आहे का, तेही तपासावे.